ग्वाल्हेरचे जहाज आणि त्यावरील माणसे

आमच्या कंपूपासून समुद्र पुष्कळ दूर आहे. मुंबईचा किनारा येथून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर पडतो, आणि येथील पेढ्यांच्या जुन्या वह्या चाळल्या तर त्यांत धान्य, कापड, तूप, तेलबिया, किराणा ह्यांच्या नोंदी सापडतील. जहाजाचे नाव मात्र सहसा आढळणार नाही. तथापि ज्या वस्तीत आमची दुकाने आहेत, तिच्या नावांतच समुद्राशी एक दूरचे नाते दडलेले आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो तळ म्हणजेच आजचे लष्कर. कवायती पलटणींच्या तळास मराठीत कंपू म्हणत, आणि हा शब्द पोर्तुगिजांच्या बोलीतून आपल्याकडे आला. ‘लष्कर’ हा मूळ फारसी शब्द युरोपीय दर्यावर्दी लोकांच्या तोंडी बसला, तेव्हा त्याचा ‘लास्कर’ झाला व त्याचा अर्थ हिंदी खलाशी असा ठरला. एकाच शब्दातून जमिनीवर एक शहर वसले आणि पाण्यावर कष्टकऱ्यांचा एक सबंध वर्ग ओळखला जाऊ लागला.

हे नाते केवळ शब्दाचे असते तर त्याचा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु एकोणिसाव्या शतकात बांधलेले एक मोठे व्यापारी जहाज काही वर्षे खुद्द ग्वाल्हेर दरबारच्या मालकीचे होते, आणि तेच जहाज पुढे सोलापूरच्या एका जैन व्यापाऱ्याच्या हाती जाऊन हिंदी जहाजधंद्याचा पाया ठरले, ही गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या जहाजाच्या फेऱ्या कोठे कोठे झाल्या, त्यावर कोणकोणती माणसे राबली आणि त्या इतिहासातून व्यापाऱ्याने काय घ्यावे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

शिडांचे दिवस आणि वाफेचे दिवस

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे जरूर आहे. शिडांच्या जहाजांच्या काळात हिंदी माणूस समुद्रावर परका नव्हता. कोकणच्या खाड्यांतून गलबते, मचवे आणि पत्तेमाऱ्या चालत. नारळी पौर्णिमेस दर्या मोकळा झाला की त्यांची नांगरे उठत, आणि पुढील पावसाळा तोंडावर येईपर्यंत मलबारपासून काठेवाडपर्यंत त्यांची ये-जा चाले. उभ्या-तिरप्या शिडांची ही चपळ पत्तेमारी म्हणजे पाश्चात्त्यांच्या ‘स्कूनर’ जहाजाचीच आपल्याकडील बहीण म्हणावी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी कारागीर मलबारी सागवानाची एवढी उत्तम जहाजे बांधीत, की १८१७ साली तेथे पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. जहाजांची मालकीही हिंदी व्यापाऱ्यांकडे होती. मुंबईचे जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद, ज्यांस लोक शेठ मोतीशा म्हणून ओळखतात, हे सर जमशेटजी जीजीभाई यांचे भागीदार होते व चीनच्या व्यापारात त्यांची जहाजे जात. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशांची टूक ही त्यांच्या दानाची स्मारके आहेत.

वाफेचे यंत्र आले आणि हे चित्र पालटले. लाकडाची जागा लोखंडाने व पोलादाने घेतली. त्या मालाचे कारखाने आपल्याकडे नव्हते. वाऱ्यास मोल पडत नसे, कोळशास पडे; आणि कोळसा भरण्याची ठाणी परक्यांच्या हाती होती. सर्वांत मोठी गोष्ट ही, की सरकारी टपाल वाहून नेण्याचा ठेका ज्या कंपनीस मिळे, तिला दरसाल निश्चित रक्कम मिळत असल्याने तिचे जहाज अर्धे रिकामे गेले तरी तिला तोटा सोसवे. असा ठेका हिंदी व्यापाऱ्यास कोण देणार? त्यामुळे शतकाच्या अखेरीस स्थिती अशी झाली, की माल आमचा, खलाशी आमचे, परंतु जहाज, कप्तान, विमा आणि भाड्याची मिळकत दुसऱ्याची.

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’

आमच्या कथेतील जहाज अशाच एका टपाल-ठेक्याचे अपत्य होते. कॅनडाच्या ‘कॅनेडियन पॅसिफिक’ ह्या रेल्वे कंपनीने आपला लोहमार्ग पॅसिफिक महासागराच्या काठापर्यंत नेला आणि पुढे चीन व जपानपर्यंतची वाहतूक आपल्याच हाती असावी म्हणून ब्रिटिश सरकारकडून टपालाचा ठेका मिळविला. ब्रिटन व कॅनडा मिळून ह्या कामासाठी दरसाल साठ हजार पौंड देत. त्या पैशाच्या बळावर कंपनीने इंग्लंडमधील बॅरो येथे तीन जुळी जहाजे बांधविली. त्यांपैकी पहिले ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे होय. १८९० च्या ऑगस्टमध्ये ते पाण्यात उतरले. त्याची लांबी सुमारे ४५५ फूट व नोंदणीचे वजन ५,९०५ टन होते. दोन पंखे, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि वेग ताशी सोळा सागरी मैल. वाफेचे जहाज असूनही त्याची नाळ शिडाच्या जलद जहाजासारखी पुढे झुकलेली होती व अंगास पांढराशुभ्र रंग दिलेला होता. त्या पिढीतील आगबोटी शिडाच्या जहाजांचे रूप अद्याप विसरल्या नव्हत्या.

१८९१ च्या ८ फेब्रुवारीस लिव्हरपूल सोडून, सुवेझ कालव्यातून, पुढे चीन व जपानच्या बंदरांना लागत २८ एप्रिलला ते कॅनडातील व्हँकूव्हरला पोहोचले. त्यानंतर तेवीस वर्षे हाँगकाँग, शांघाय, नागासाकी, कोबे, योकोहामा आणि व्हँकूव्हर अशा त्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. चीन-जपानकडून रेशीम व चहा निघे. रेशीम हा किमती आणि नाजूक माल. त्यावरील व्याज व विमा दिवसागणिक चढत असल्याने व्हँकूव्हरला उतरताच तो खास आगगाड्यांनी पूर्वेकडील बाजारपेठांस धाडला जाई. वेळेची किंमत रुपयांत कशी मोजावी, ह्याचा हा धडाच होता.

वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाचे सुमारे १२० उतारू असत, तर खालच्या भागात सहाशेपर्यंत गरीब प्रवाशांची सोय होती, आणि त्यांत चिनी मजुरांचा भरणा फार मोठा असे. कॅनडात उतरणाऱ्या चिनी माणसावर तेथील सरकारने १८८५ साली पन्नास डॉलरांचा माणशी कर बसविला. १९०० मध्ये तो शंभर व १९०३ मध्ये पाचशे झाला. जहाजावरील खलाशीही बहुतांशी चिनी असत. अधिकारी गोरे, तर डेकवरील, भट्टीवरील व भोजनगृहातील माणसे हाँगकाँगला भरती केलेली. ह्या व्यवस्थेकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण पुढे जहाजाचे मालक बदलले, नाव बदलले, समुद्रही बदलला. पण वर कोण आणि खाली कोण, हा क्रम सहजी बदलला नाही.

ग्वाल्हेर दरबारची खरेदी

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी, २३ मे रोजी, ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकूव्हरला पोहोचले होते, आणि दोन महिने बंदरात अडवून ठेवून २३ जुलैस ते परत हाकलण्यात आले होते. ज्या बंदराने हिंदी माणसास धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही, त्याच बंदराचे एक नामांकित जहाज त्या वर्षाअखेरीस हिंदी संस्थानिकाच्या मालकीचे झाले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकत घेऊन जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचे तरंगते इस्पितळ बनविण्याचे ठरविले. १९१५ च्या जानेवारीत जहाजाचे नाव बदलून ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, असे ठेवण्यात आले. ही निष्ठा अर्थात ब्रिटिश बादशहाविषयीची होती. काळच तसा होता.

महाराजांस ही कल्पना नवी नव्हती. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले, तेव्हाही त्यांनी आपल्या खर्चाने ‘ग्वाल्हेर’ नावाचे इस्पितळी जहाज तिकडे पाठविले होते व स्वतःही मोहिमेवर गेले होते. यंत्रांची त्यांस मनापासून आवड होती. ग्वाल्हेरची अरुंद मापाची रेल्वे त्याची साक्ष आहे.

इस्पितळी जहाजास पांढरा रंग देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. हे जहाज आधीपासूनच पांढरे होते. ज्या दालनांत श्रीमंत प्रवासी भोजन घेत, तेथे खाटा आल्या. जेथे रेशमाच्या गाठी रचल्या जात, तेथे औषधे व पट्ट्या भरल्या गेल्या. ह्या सेवेची निकड केवढी होती, हे मेसोपोटेमियाच्या मोहिमेवरून कळते. १९१५-१६ साली त्या आघाडीवर जखमींची वाहतूक करण्यास पुरेशा नौका नव्हत्या. माणसे उघड्या पडावांवर दिवसचे दिवस पडून राहिली, आणि १९१७ मध्ये चौकशी मंडळाने ह्या अनास्थेवर कडक ताशेरे ओढले. अशा काळात जखमी सैनिकास खाट, सावली आणि वैद्य देणारे प्रत्येक जहाज मोलाचे होते.

खलाशांची तीन दालने

येथे थोडे थांबून, त्या काळी मुंबईहून सुटणारी मोठी आगबोट कोणाच्या जिवावर चाले, हे पाहिले पाहिजे. जहाजाचे वर्णन करताना लोक टनांचे व मैलांचे आकडे देतात. ज्यांच्या हातांनी ते टन हलतात, त्यांची गणती बहुधा राहून जाते.

हिंदी खलाशांच्या तीन टोळ्या असत. पहिली डेकवरची. तिचा मुखत्यार सारंग. त्याच्या हाताखाली टिंडल. सुकाणू धरणारा सुकाणी. दिवे, दोर व सामान सांभाळणारा कसब. मग साधे खलाशी, आणि झाडलोटीसाठी टोपस. मुंबई बंदरात ह्या टोळीत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरात-काठेवाडचे खारवी पुष्कळ असत. दुसरी टोळी यंत्राच्या पोटातली. तिचाही वेगळा सारंग असून तेलवाले, आगवाले आणि कोळसेवाले तिच्यात मोडत. तिसरी टोळी भोजनगृहाची. तिच्यात गोव्याचे ख्रिस्ती लोक मुख्यत्वे असत. जहाजावरील बोलीही ह्या मिश्रणातून घडली होती. पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी, मराठी व गुजराती शब्दांची ती एक खिचडी होती. टॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात तिचा कोशच छापला, कारण त्या बोलीवाचून जहाज हाकणे साहेबांस जमत नसे.

सर्वांत कठीण काम आगवाल्यांचे. तांबड्या समुद्रात, उन्हाळ्याच्या दिवसांत, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून कोळसा फेकावयाचा. चार तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास काम. भट्टीतला निखारा खेचावयाचा, राख उचलून समुद्रात टाकावयाची. वर उतारू वाऱ्यासाठी छताखाली खुर्च्या मांडून बसलेले असताना खाली हा प्रकार चाले. ह्या श्रमास वेतन मिळे ते गोऱ्या खलाशाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढे. राहण्याच्या जागेचा हिशेबही असाच होता. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशास माणशी १२० घनफूट जागा ठरविली. हिंदी खलाशासाठी ३६ घनफूट पुरे मानली गेली. व्यापारी बंधूंनी मनाशी हिशेब करून पाहावा : सहा फूट लांब, तीन फूट उंच व दोन फूट रुंद एवढीच जागा छत्तीस घनफूट होते. धान्याच्या कोठारातही पोत्यास ह्याहून मोकळी हवा आम्ही देतो.

नोकरी मिळविण्याची रीतही खर्चाची होती. जहाजावर घ्यावयाचे कोणास, हे प्रत्यक्षात सारंग व बंदरातील दलाल ठरवीत. त्यांस दस्तुरी द्यावी लागे. गावाहून येऊन काम मिळेपर्यंत उधारीवर राहावे लागे. ते कर्ज पुढील वेतनातून फिटे. म्हणजे जहाजाचा नांगर उठण्यापूर्वीच खलाशी देणेकरी झालेला असे.

तरीही ह्या माणसांवाचून साम्राज्य चालत नव्हते. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. पहिल्या महायुद्धात त्यांपैकी सुमारे ३,४०० बुडून अथवा अन्य रीतीने प्राणास मुकले आणि सुमारे बाराशे शत्रूच्या कैदेत पडले. एवढे होऊनही हिंदी माणूस अशा जहाजाचा अधिकारी होऊ शकत नव्हता, कारण त्याला ते शिक्षण देणारी शाळाच देशात नव्हती.

सोलापूरचा व्यापारी

युद्ध संपले. ‘लॉयल्टी’चे इस्पितळाचे काम आटोपले आणि ती विक्रीस निघाली. आता शेठ वालचंद हिराचंद दोशी आमच्या कथेत येतात. १८८२ साली सोलापुरात दिगंबर जैन घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा सावकारी व कापसाचा होता. तो सोडून लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीत त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला व पुढे मोठे ठेकेदार म्हणून नाव मिळविले. १९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईस येत असता आगगाडीत एका इंग्रज गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, आणि बोलता बोलता ‘लॉयल्टी’ विकाऊ असल्याचे त्यांस समजले, असे सांगतात. जहाजाचा धंदा त्यांनी कधी केला नव्हता. परंतु युद्धानंतर जहाजांची केवढी टंचाई आहे, विलायतेस जाणाऱ्यांची तिकिटांसाठी कशी गर्दी आहे, आणि भाड्याचे दर कोठवर गेले आहेत, हे त्यांच्या व्यापारी नजरेने लगेच हेरले.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास हे त्यांस येऊन मिळाले. जहाजाची खरेदी झाली. कंपनी मार्च १९१९ मध्ये नोंदविली गेली, आणि जहाज शिंदे सरकारचे म्हणून तिचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ असे ठेवण्यात आले. नरोत्तम मोरारजी अध्यक्ष झाले. ह्या भागीदारीत जैन होते, भाटिया होते, नागर ब्राह्मण होते. एकट्या जातीचे भांडवल समुद्रास पुरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

५ एप्रिल १९१९

त्या दिवशी ‘लॉयल्टी’ मुंबई बंदरातून लंडनच्या दिशेने निघाली. हिंदी मालकीचे मोठे जहाज मुंबई व विलायत ह्यांच्या दरम्यान चालावे, ही गोष्ट परदेशी कंपन्यांच्या राज्यात अपूर्व होती. १९६४ पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो ह्याच फेरीच्या स्मरणार्थ.

परंतु खरे सांगावयाचे तर व्यापाराच्या दृष्टीने ही फेरी यशस्वी झाली नाही. ‘लॉयल्टी’ला त्या वेळी अठ्ठावीस वर्षे झाली होती, तिची यंत्रे जुन्या धाटणीची व कोळसा खाणारी होती. जाताना उतारू मिळाले. प्रश्न परतीचा होता. ज्या बंदरात आपला आडत्या नाही, धक्क्यावर आपली हक्काची जागा नाही, दुरुस्तीचा व परवान्यांचा निकाल देणारे अधिकारी आपले नाहीत, तेथे जहाज जितके दिवस अडकून राहील तितके दिवस ते पैसा खाते. बैल दावणीस बांधला तरी वैरण लागतेच, जहाजाचेही तसेच. थोड्याच काळात हे जहाज किफायतीचे नाही, असे ठरले. १९२१ मध्ये ते उभे करून ठेवण्यात आले आणि १९२३ साली मुंबईतच ते मोडीत निघाले. बॅरोच्या गोदीत सुरू झालेला त्याचा बत्तीस वर्षांचा प्रवास येथे संपला.

खरी लढाई कोठे होती

जहाज मोडले म्हणून कंपनी मोडली नाही. तिने मालवाहू जहाजे घेतली, ‘जल’ शब्दाने आरंभ होणारी नावे त्यांस दिली, आणि ब्रह्मदेश व हिंदुस्थान ह्यांच्या दरम्यान तांदळाची व अन्य मालाची वाहतूक सुरू केली. तेथे तिची गाठ लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांशी पडली. त्यांनी भाड्याचे दर इतके उतरविले की नव्या कंपनीने तोटा खाऊन मरावे. पण दर उतरविण्यापेक्षाही परिणामकारक असे दुसरे एक हत्यार त्यांच्यापाशी होते, आणि ते व्यापाऱ्यांनी नीट समजून घेण्याजोगे आहे.

ते म्हणजे मागाहून देण्याच्या सुटीची पद्धत. समजा, एका व्यापाऱ्याने जानेवारी ते जून ह्या सहा महिन्यांत दहा हजार रुपये भाडे भरले. कंपनी त्याला सांगे, की ह्यातील दहा टक्के, म्हणजे एक हजार रुपये, आम्ही तुम्हांस परत देऊ. मात्र ते आज देणार नाही. पुढील जुलै ते डिसेंबर ह्या काळातही तुम्ही सर्व माल आमच्याच गटाच्या जहाजांतून पाठविला, तर वर्षाअखेरीस मिळतील. मधल्या काळात एक जरी पोते दुसऱ्याच्या जहाजात चढले, तरी ती सबंध रक्कम बुडाली. डिसेंबर येई तेव्हा दुसऱ्या सहामाहीची सूट कंपनीकडे अडकलेली असे. अशा रीतीने व्यापाऱ्याचा स्वतःचाच पैसा त्याच्या पायांतील बेडी बनत असे. हिंदी कंपनीचे भाडे थोडे कमी असले तरी तिच्याकडे जावयास तो धजत नसे. निष्ठा असे नाव धारण करणारे जहाज ज्या पेठेत उतरले, तेथे व्यापाऱ्यांची निष्ठा अशी आगाऊच गहाण पडलेली होती.

१९२३ साली सिंदिया कंपनीस इंचकेप गटाशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्याने ती जगली, पण तिच्या वाढीस मर्यादा पडली. पुढे कंपनीचे साराभाई नेमचंद हाजी यांनी कायदेमंडळात १९२८ मध्ये किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले, आणि सुटीच्या ह्या पद्धतीविरुद्धही विधेयक आणले. ती त्या वेळी कायद्यात उतरली नाहीत. परंतु स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरील वाहतूक राखीव करण्याचे जे धोरण आले, त्याची बीजे तेथे आहेत.

खलाशांच्या बाबतीतही काही हालचाल झाली. १९२३ मध्ये नेमलेल्या व्यापारी नौदलविषयक समितीने हिंदी तरुणांस अधिकारी बनविण्यासाठी शिक्षण-जहाज असावे, अशी शिफारस केली, आणि १९२७ पासून मुंबईत ‘डफरिन’ जहाजावर तसे शिक्षण सुरू झाले. १९७२ पर्यंत ते चालले. जी शिडी भट्टीपासून कप्तानाच्या सज्जापर्यंत कधीच पोहोचत नव्हती, तिच्या पायऱ्या घडविण्याचे काम अशा रीतीने सुरू झाले. जहाजबांधणीचेही तसेच. वालचंद शेठजींनी विशाखापट्टणम येथे गोदी उभारण्याचे ठरविले. १९४१ च्या २१ जून रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचा पाया घातला गेला. तेथे बांधलेले ‘जल उषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले. शेठजींचे निधन १९५३ साली झाले. सिंदिया कंपनीची जहाजेही आता समुद्रावर नाहीत.

ह्यातून काय घ्यावे

ह्या एका जहाजाने तीन मालक पाहिले. पहिल्याने त्यास नफ्यासाठी बांधले, दुसऱ्याने सेवेसाठी सजविले, तिसऱ्याने स्वावलंबनासाठी चालविले. पहिल्याच्या पाठीशी सरकारी ठेका होता, म्हणून ते तेवीस वर्षे बिनघोर चालले. तिसऱ्याच्या पाठीशी केवळ हिंमत होती, म्हणून तेच जहाज दोन वर्षांत थांबले. दोष जहाजाच्या वयाचा होताच. पण त्याहून मोठी उणीव ही होती, की जहाज विकत घेता येते, जहाजधंदा विकत घेता येत नाही. त्यासाठी परतीचा माल लागतो, बंदराची जागा लागते, विमा लागतो, शिकलेली माणसे लागतात. आणि सर्वांहून अधिक, आपला माल आपल्या जहाजात चढविण्यास तयार असलेले व्यापारी लागतात. शेवटची गोष्ट आमच्यासारख्या, समुद्र न पाहिलेल्या गावांतील पेढ्यांच्या हाती होती व आहे. ग्वाल्हेरच्या अडतीवरून निघालेले पोते कोणत्या जहाजात चढावे, हे ठरविणारी सही शेवटी व्यापाऱ्याचीच असते.

आज हिंदुस्थान जगास खलाशी व नौका-अधिकारी पुरविणाऱ्या अग्रगण्य देशांत आहे. तरीही आमच्या परदेशी व्यापाराचा जो माल समुद्रमार्गे ये-जा करतो, त्यातील दहा टक्क्यांहूनही कमी भाग हिंदी ध्वजाच्या जहाजांतून जातो. बाकीचे भाडे परदेशी जाते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे कोडे अर्धेच सुटले आहे : माणसे शिकली, वर चढली, जहाजे मात्र अजून पुरेशी आपली झाली नाहीत.

दुसरी गोष्ट माणुसकीची आहे. वहीत माल जमा होतो, भाडे खर्ची पडते, विमा लिहिला जातो. माल वाहणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही. ‘लॉयल्टी’चे नाव इतिहासात राहिले, तिच्या मालकांची राहिली; तिच्या भट्टीपुढे उभे राहिलेल्या आगवाल्यांची राहिली नाहीत. आमच्या धर्मात श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे ह्यांची गणना आहे. ते दोष केवळ बैलापुरते आणि घोड्यापुरते समजणे योग्य होणार नाही. छत्तीस घनफुटांत माणूस कोंबणे हाही अतिभारच होय. आज तो प्रकार जहाजावर कायद्याने कमी झाला असेल. परंतु हमालाची पाठ, मालमोटारीच्या चालकाची झोप, गोदामातील मजुराचा श्वास, ह्या गोष्टी आमच्या दुकानाच्या दारातच आहेत. ज्यांच्या श्रमावर माल चालतो, त्यांचा हिशेब नफ्याच्या आधी मांडणे, हे व्यापाऱ्याचे पहिले देणे आहे, असे आम्हांस वाटते.